दोन फाटकं आणि एक डबा

१४ ऑक्टोबर

कापूस खरेदी असोसिएशनची साइट सकाळी पुन्हा आडवी झाली. कापसाचा भाव टाकला रे टाकला की सगळे एकदमच उघडतात, एकटा सर्व्हर किती जणांना तोंड देणार! आमच्या ऑफिसचे मालक शिरीषभाऊ म्हणाले, उठव तिले. म्हटलं, उठवते, पण दिवाळीनंतर शेतकऱ्यांचं साइटवर नंबर लावणं सुरू झालं की ही रोजच पडेल.

दुसरा सर्व्हर घेऊन ठेवलाय, खोक्यातच आहे. दोघांच्या पुढे उभं राहून "तू इकडे जा, तू तिकडे जा" म्हणणारा कोणीतरी पाहिजे. लोड बॅलन्सर हा शब्द भाऊंच्या जिभेवर काही केल्या बसत नाही. ते डबा म्हणतात. आता मीही डबाच म्हणते.

१६ ऑक्टो.

असोसिएशनच्या जिनिंगच्या ऑफिसात गेले होते, जिथे कापूस घेऊन सरकी काढतात. दोन्ही सर्व्हर तिथेच राहणार, असोसिएशनचा हट्ट. आपल्या डोळ्यांसमोर असलेले बरे म्हणे. खोली बरी आहे, खिडकी आवाराकडे. सीझन अजून नीट सुरू नाही तरी हवेत कापूस होता. ऊन तिरपं आलं होतं आणि एकेक तंतू वेगळा दिसून राह्यला होता, खाली येतो येतो म्हणत वर जायचा. किती वेळ पाहत उभी होते कोण जाणे. चौकीदारानं विचारलं, ताई, बरं वाटत नाही का.

ठरलं एवढंच: पंखा असलेला डबा घ्यायचा नाही. महिनाभरात आत गादी भरून निघेल.

१९ ऑक्टो.

आज भाऊंच्या टेबलावर तीन डबे मांडले. म्हणजे कागदावर. मोठ्या परदेशी कंपनीचा सगळ्यात चांगला, त्याला येत नाही असं काही नाही. नागपूरच्या विक्रेत्यानं फोनवर किंमत सांगितली तेव्हा भाऊंनी चहा खाली ठेवला. "ट्रॅक्टर इकून राह्यला का तो?" वर दरवर्षी लायसन्स. तो गेला. दुसरा लहान कंपनीचा, परवडणारा, पंखा नाही, वीज कमी खातो म्हणजे लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर तगेल. एक सर्व्हर पडला तर आपोआप दुसऱ्याकडे वळवतो. दुरुस्ती नागपूरला. फार हुशार नाही, पण कामाचा.

तिसरा माझा. जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं सॉफ्टवेअर टाकून मी बनवायचा. बनवू शकते, त्यात काही शंका नाही.

भाऊ म्हणाले, "बनवशीन तू. पन उद्या पुन्याले गेली तं त्याले कोन पाहीन? इकतचा घेतला तं तू नसली तरी चालन."

वाईट हेतूनं नाही बोलले. खरं तेच बोलले, म्हणून लागलं. जेवणाचा डबा उघडून भाजी-पोळी पाहिली आणि बंद केला.

२० ऑक्टो.

पुण्याहून पुन्हा मेल. जुनीच कंपनी, जागा आहे, डिसेंबर अर्धा व्हायच्या आत कळवा. आई गेली तेव्हा मी थोड्या दिवसांसाठी म्हणून आले होते. बाबांना स्वयंपाक येईना, मग यायला लागला, तरी मी गेले नाही. आता ते माझ्यापेक्षा बरी भाजी करतात. त्यामुळे बाबांसाठी राहिले असं आता कोणाला सांगता येत नाही.

हिशेब सरळ आहे. असोसिएशननं आम्हाला एका सीझनची ट्रायल दिलीय. शेतकऱ्यानं आधी नंबर लावायचा, आपल्या दिवशी गाडी आणायची, रस्त्यावर रांगेत मुक्काम करायचा नाही. हे चाललं तर पुढची वर्षं काम आमचं, आणि भाऊ मला ठेवू शकतात. नाही चाललं तर नागपूरची कंपनी येते आणि मी पुण्याला जाते. पेपरात आज पुन्हा आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव होतं, कोण्या शेतकऱ्यानं जीव दिला. बाबा ते पान आतल्या बाजूला घडी करून ठेवतात, मला दिसू नये म्हणून. मला दिसतंच.

२३ ऑक्टो.

दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. खाली बियाण्याच्या दुकानातला रेडिओ, वर पंखा. टेबलावर डोकं ठेवलं तर स्वप्न पडलं. मी जिनिंगच्या आवारात उभी, हातात शिट्टी, आणि कापसानं भरलेल्या बैलबंड्याच बंड्या येऊन राह्यल्या. मी हात करते, त्या वळतात. कोणी घाई करत नाही, बैलही नाही. सगळीकडे पांढरं. आई एका बंडीवर बसलेली, पदरातून कापूस वेचून काढतेय, मला म्हणते, उभी कायले राह्यली, बस ना. जाग आली तेव्हा गालावर कीबोर्डचे चौकोन उठले होते.

घरी बनवलेला डबा मला चांगला वाटतो की तो बसवला की मला जाता येणार नाही म्हणून चांगला वाटतो? स्वतःला विचारलं. उत्तर आवडलं नाही. भाऊंना सांगून टाकलं, दुसरा घ्या. लहान कंपनीचा.

५ नोव्हें.

डबा आला. वहीएवढा आहे. भाऊंचा चेहरा पडला, एवढ्या पैशात एवढूसाच? पण समोर चार हिरवे दिवे आहेत, त्यांवर जीव जडला त्यांचा. असोसिएशनचे सेक्रेटरी देशमुखसाहेब आले, नारळ फोडला. भाऊंनी हळद-कुंकू असं काही मनापासून लावलं की बाजूच्या जाळीतून आत गेलं. मी बाजूला उभी होते, आमच्याकडे हे करत नाहीत, म्हणून बोलता येईना. सगळे गेल्यावर दाढीच्या ब्रशनं कुंकू झाडलं. पहिल्याच दिवशी डबा लाल.

९ नोव्हें.

दोन सर्व्हर, दोन फाटकं. आवाराला पूर्वेचं एक आणि पश्चिमेचं एक फाटक आहे, दोन्हीकडे वेगळा काटा, कापूस पाहून भाव लावणारा वेगळा ग्रेडर. मी काय केलं, पहिल्या सर्व्हरला पूर्वेचे नंबर वाटायला दिले, दुसऱ्याला पश्चिमेचे. दोघांची एकमेकांत गडबड नको. फार सुबक झालंय. पुण्यातल्या कोणाला तरी दाखवावंसं वाटलं, मग वाटलं, कशाला. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, रंग चांगला घेतला.

१९ नोव्हें.

दिवाळी होऊन गेली. आज खरेदीचा मुहूर्त. काट्याची पूजा, पहिल्या बंडीवाल्याला शेला-टोपी, फोटो. दहाला नंबर लावणं उघडलं.

पडली! म्हणजे अर्धी पडली. पहिला सर्व्हर धापा टाकत मेला, दुसरा आरामात बसून होता, त्याच्याकडे माणूसच येईना. डब्यानं सगळ्यांना पहिल्याकडेच ढकललं. देशमुखसाहेब खोलीत येऊन दिव्यांकडे पाहून गेले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही दिवसभर.

मला रडू आलं. बाथरूममध्ये नाही, सरळ खिडकीत उभं राहून रडले. बाहेर कापूस उडत होता. कोणाला कळलं नाही.

२० नोव्हें.

सापडलं. माझीच सेटिंग. एका ठिकाणाहून आलेला माणूस पुन्हा आला तर त्याच सर्व्हरकडे पाठवायचा, असं मी डब्याला शिकवलं होतं. पुण्यात असंच करायचो, माणूस काम करताना मध्येच इकडचा तिकडे व्हायला नको म्हणून. पण इथे जवळजवळ सगळी मागणी एकाच ठिकाणाहून येतेय. पांढरकवडा. मडावी नावाच्या माणसाचं नेटचं दुकान. फोन केला तर म्हणाले, हाव ताई, मीच लावतो सगळ्यायचे नंबर, त्यायले कुठं येते. कितीक गावांचे नंबर तो एकटा माणूस लावून राह्यला, आणि डबा त्याला एकच माणूस समजतोय. डब्याची चूक नाही.

सेटिंग काढून टाकली. आता जो येईल त्याला आळीपाळीनं, एक इकडे, एक तिकडे.

२१ नोव्हें.

चाललं! दोन्ही सर्व्हर सारखे, काट्यावर तोलल्यासारखे. मी स्क्रीनवर दोन रेघा पाहत बसले होते, बरोबरीनं चढायच्या, बरोबरीनं उतरायच्या. जिलबी आली. देशमुखसाहेबांनी जिलबी खाताना एक हात डब्यावर ठेवला होता. भाऊ म्हणाले, आता पुढच्या वर्षीचं पक्कं समज. मी समजले. घरी येताना विनाकारण लांबच्या रस्त्यानं आले, गावातल्या आझाद मैदानावरून, मुलं क्रिकेट खेळत होती तिथे थांबले. ह्या गावात मी म्हातारी होईन असं पहिल्यांदा वाटलं, आणि फार छान वाटलं.

२४ नोव्हें.

मडावीकाकांचा फोन. आवाज शांत होता.

"ताई, तुमच्या डब्यानं आमचं गाव फोडलं."

मी म्हटलं, काय झालं. तर म्हणाले, तुम्हीच येऊन पाहा. फोन ठेवला.

२५ नोव्हें.

सकाळच्या एसटीनं पांढरकवडा. खिडकीपाशी जागा मिळाली, दोन्ही बाजूंना शेतं, कुठे वेचणी चालू, कुठे कापूस वेचून झालेल्या पळाट्या नुसत्या उभ्या. डोळे मिटले की पांढरं, उघडले तरी पांढरं. उतरावंसंच वाटेना.

दुकान हायवेच्या बाजूला, ट्रकवाल्यांच्या धाब्याशेजारी. बाहेर बाकड्यावर बायका-माणसं बसली होती. काकांनी मला एका बाईपुढे नेलं. शेवंताबाई. माझ्याच वयाची असेल, थोडी मोठी. तिचा, तिच्या दिराचा आणि शेजारच्या दोन घरांचा कापूस दरवर्षी एकाच मेटाडोरमध्ये जातो. दोन गाड्या करायचा कापूसच नाही, आणि भाडं वाटून घेता येतं. काकांनी एकामागून एक चौघांचे नंबर लावले. माझ्या डब्यानं आळीपाळीनं वाटले. दोन घरं पूर्वेला, दोन पश्चिमेला, आणि दिवसही वेगळे. एकाच मेटाडोरच्या पोटात दोन फाटकं. ड्रायव्हर आवाराबाहेर गाडी उभी करून विचारत होता, बाप्पा, जाऊ कुठं?

पूर्वेच्या दोघांचा कापूस त्या दिवशी चांगल्या भावानं उतरला. पश्चिमेच्या दुसऱ्या घरचा माणूस कापूस शेवंताबाईवर सोपवून गावी परतला, आणि ती पश्चिमेच्या दिवसापर्यंत तिथेच एकटी थांबली. ग्रेडरनं कापूस ओला म्हणून खालचा भाव लावला. त्याच मेटाडोरमधला, त्याच वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेला कापूस.

मी म्हटलं, मग तक्रार का नाही केली. ती हसली. रागानं नाही, मला समजावून सांगावं तशी म्हणाली,

"संगं चार मानसं असली का ग्रेडर दबते, ताई. एकटी बाई पाह्यली का कापूस ओला दिसते त्याले."

मला फार लाज वाटली. त्या दोन रेघा आठवल्या, कशा बरोबरीनं चालल्या होत्या, आणि मी जिलबी खात होते. इथे लोक सोबतीनं जातात, आपापल्या गाडीच्या लोकांबरोबर उभे राहतात, म्हणून तर एकच माणूस सगळ्यांचे नंबर लावतो. मला तो अडाणीपणा वाटला होता. त्यांना कॉम्प्युटर येत नाही म्हणून, असं मी धरून चालले होते.

चहा दिला काकांनी. त्यांच्या आईनं गोंडीत काहीतरी विचारलं, काका म्हणाले, इचारते, हे डब्यावाली का. हाव म्हटलं.

२६ नोव्हें.

भाऊंना सगळं सांगितलं. त्यांचाही कापूस आहे घाटंजीकडे, पण त्यांचा घरचा ट्रॅक्टर, त्यांनाही हे माहीत नव्हतं. म्हणाले, आता चाललंय तर हात लावू नको, असोसिएशनच्या कमिटीची मीटिंग होऊ दे आधी. मी म्हटलं, असं नाही चालणार. जरा आवाज चढला माझा. ते बघतच राहिले. मग म्हणाले, "कर बाई. पन पडली तं तूच सांग देशमुखसाहेबाले."

१ डिसें.

झालं. आता नंबर माणसाचा नाही, गाडीचा. एका गाडीचा एक नंबर, एकच फाटक, आत नावं कितीही घाला. रात्री नाही बसले, दिवसाच केलं, खिडकीत. काम करता करता मध्येच थांबून जायचे, बाहेर पाहायचे, पुन्हा करायचे. बहुतेक मी अशीच काम करते. पुण्यात त्यावरून मला बोलायचे.

शेवंताबाईच्या कापसाच्या भावाचं काय, ते मात्र झालं नाही. गेला तो गेला. देशमुखसाहेबांना सांगितलं, ते म्हणाले, ग्रेडरचा विषय कॉम्प्युटरचा नाही.

३ डिसें.

नवीन पद्धत सुरू. मडावीकाका एकदा बसतात, एक गाडी, एक कळ दाबली, पुढची. आणि गंमत अशी की गर्दीच गेली! दिवे शांत. पहिला सर्व्हरही निवांत, दुसराही. चार घरांच्या चार मागण्या होत्या, त्यांची एक झाली.

भाऊ डब्यासमोर बसून म्हणाले, "म्हंजे ह्याची गरजच नोती का?"

म्हटलं, आहे, एखादा सर्व्हर मेला की कळेल. मग दोघंही हसलो, मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

६ डिसें.

बाबांबरोबर विहारात. पांढरी साडी आईची. मेणबत्त्या, शांत. वंदना झाल्यावर बाबांच्या बरोबरच्या एकानं विचारलं, पोरगी आता इथंच का? बाबा म्हणाले, तिचं ते पाहीन. माझ्याकडे पाहिलं नाही.

८ डिसें.

राजूरहून फोन, खाणीतल्या एका माणसाचा. थोडी शेती आहे, बायको पाहते. म्हणे, आमच्या इथं गाडीचं जमत नाही, कोणाची कोणती पाळी, सोबत जाणं होतच नाही, आम्हाला आपापले नंबर पाहिजेत. बरं. म्हणजे दोन्ही पाहिजे. उद्या वणीकडची अजून कोणती गोष्ट निघेल देव जाणे. सांगेल त्याप्रमाणे करायचं. मला ह्यातच गोडी वाटू लागलीय. फोन उचलायचा आणि कोण कसं जातं ते ऐकायचं.

१२ डिसें.

देशमुखसाहेबांनी बोलावलं. कौतुक केलं. मग म्हणाले, साइट आता छान चालतेय, डबा चांगला आहे, नागपूरचा विक्रेता म्हणतो वर्षातून दोनदा येऊन तोच पाहून जाईल. ते स्वस्तात पडतं. मग तुमच्या भाऊंना वर्षभराचे पैसे कशासाठी द्यायचे, असं कमिटीत एकजण विचारून राह्यला. मीटिंग बुधवारी. अजून काही ठरलं नाही, फक्त तुमच्या कानावर घातलं.

डबा मीच निवडला. माझ्याशिवाय चालावा असाच निवडला. आणि तो चालतोय.

भाऊंनी सांगितलं, मी मीटिंगमध्ये भांडतो. भांडतील, त्यांचा स्वभाव आहे. पण ते एक आणि कमिटीत नऊ जण.

१३ डिसें.

पुण्याचा फोन, पंधरापर्यंत सांगा. सांगते म्हटलं.

संध्याकाळी बाबांनी स्वतःहून विषय काढला. भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मले एकट्याले जमते आता. माह्यासाठी राहू नको."

मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही, मला इथे आवडतं.

ते थांबले. "यवतमाळात आवडण्यासारखं काय आहे?"

विचारत होते, टोमणा नव्हता. हवेतला कापूस म्हणणार होते, हसतील वाटलं. मडावीकाकांचा फोन म्हणणार होते. राजूरच्या माणसाची बायको, जिला मी पाहिलं नाही. ह्यातलं एकही तोंडातून निघेना. मेथी निवडू लागले त्यांच्याबरोबर.

१४ डिसें.

सकाळी ऑफिसात लवकर गेले. भाऊ यायचे होते. शटर अर्धंच उघडलं, तसंच आत शिरून कॉम्प्युटर लावला. पुण्याला लिहिलं, आभारी आहे, येत नाही. दोन ओळी. वाचून पाहिलं नाही, पाठवून दिलं.

मग बसून राहिले. वेडेपणा केला का? केला असेल. बुधवारी कमिटी नाही म्हणाली तर जानेवारीत माझ्याकडे ना हे काम ना ते. मला राहायचं आहे. राहता येईल का, ते माहीत नाही. पण जायचं मनात ठेवून इथे राहणं माझ्याच्यानं होत नव्हतं.

शेवंताबाईचा दुसऱ्या वेचणीचा कापूस सोमवारी येतोय, पश्चिमेचं फाटक, चौघांची एक गाडी. काकांनी कळवलं. मी त्या दिवशी काट्यापाशी जाऊन उभी राहणार आहे, कॉम्प्युटरचा विषय असो वा नसो.

भाऊंना सांगितलं, ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत बराच वेळ. बाबांना अजून सांगितलं नाही.